पडवीचे माप

जुन्या उपकेंद्राचा स्लॅब घामेजायचा.
मे महिन्यात दुपारी दोन वाजता
बीपीचे यंत्र येईल त्याला आजारी ठरवायचे.
मी अर्धा तास बसवून पुन्हा मोजायचे,
आकडे वीसेकने खाली यायचे.
खाऱ्या हवेने आतल्या सळ्या फुगत गेल्या
आणि एका रात्री छताचा पोपडा
बाळांच्या वजनकाट्यावर पडला.
तीन किलो दोनशे.
एवढ्या वजनाचे मूल
त्या वर्षी गावात एकच जन्मले होते.

नवी इमारत मंजूर झाली तेव्हा
नीरजा गोठणकर टेप घेऊन आली,
आणि दोन दिवस तिने काहीच मोजले नाही.
बंदरावर बसली. बायकांना विचारत राहिली,
तपासणीला का येत नाही?
शेवंती कुबल म्हणाली,
"पाटी खाली ठेवली तर परत डोक्यार कोण देतलो?
तुमी?"

म्हणून पडवीला कट्टा आहे
चार फूट दोन इंच उंच,
शेवंतीच्या खांद्यावरून घेतलेला.
शेजारी नळ, लिंबाच्या झाडाकडे जाणारी मोरी.
पाटी सरकवायची, हात धुवायचे,
मग दंड पुढे करायचा.
बांगड्यांचे पाणी अजून टपकत असते
माझ्या नोंदवहीवर.

स्लॅब नाही. कौले, आणि कौलांखाली चिवारीची चटई.
भिंती जांभ्याच्या, गिलाव्याशिवाय.
बाळंतिणीची खिडकी पूर्वेला,
कारण तांडेल विठू तारीने वाळूत काठी रोवून दाखवले
पहाटे मतलई कुठून उतरते.
वीज गेली तरी आता
घाम पुसायला दुसरी बाई लागत नाही.
तालुक्याहून साहेब आले, फोटो काढले,
फलकावर लिहून गेले:
स्थानिक साहित्य. पर्यावरणस्नेही.

दुंडाप्पा आला तो शिमग्यानंतर.
सड्यावरच्या चिरेखाणीत बावीस वर्षे.
मूळ गाव विजापूरकडे, तिथे आता कोण आहे
हे सांगायला त्याला तीनदा थांबावे लागले,
दम घेण्यासाठी.
पडवीत बसून त्याने भिंतीवर हात फिरवला,
पात्याच्या गोल खुणांवरून,
जशी मी पोटावरून बाळाची पाठ शोधते.
"हे माझ्या मशीनचं, सिस्टर.
पातं दोन दातांनी तुटलेलं होतं. हे बघा, इथं."

एक्स-रेत दोन्ही बाजूंना
सड्यावर उडते तीच धूळ,
फक्त पांढरी.

नीरजाला फोनवर सांितले.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, अर्धे चिरे पडक्या शाळेचे वापरले होते मी.
अर्धे, म्हणाली.
नंतर ती खाणमालकाकडे गेली,
पात्यावर पाणी सोडा म्हणून सांगायला.
त्याने चहा पाजला. पाण्याचा टँकर केवढ्याला पडतो
ते कागदावर मांडून दिले.

माझ्या वहीत गरोदर, स्तनदा, क्षय, विंचूदंश,
सगळ्यांना रकाने आहेत.
दुंडाप्पाला मी "इतर"मध्ये लिहिते,
गेल्या महिन्यापासून "इतर"मध्ये पाच जण आहेत.

परवा कट्ट्याला टेकून तो म्हणाला,
"जांभा खाणीत मऊ असतो, सिस्टर.
नखानं ओरखडा उठतो.
बाहेर काढला, वारा लागला,
की वर्षा-दोन वर्षांत टणक.
माझं आतलं पण तसंच झालं काय?"

मी त्याच्या बोटाला चिमटा लावला.
एक्याण्णव.
शेवंतीने आपली पाटी थोडी सरकवली,
वाऱ्याच्या वाटेतून.
अर्धा तास बसवून
मी पुन्हा मोजले.